चावी कोण देतं?

१

घड्याळ चालू होतं, याचं स्वानंदला आधी काहीच वाटलं नाही.

दुपारचं जेवण व्हायचं होतं. त्याने बेडरूममधलं लोखंडी कपाट उघडलं, वरच्या लॉकरमधून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली, घड्याळ कानाला लावलं. टिकटिक ऐकून त्याला बरंच वाटलं. ते हातात घेऊन तो स्वयंपाकघराकडे निघाला आणि दारातच थबकला. हे घड्याळ सेलवरचं नव्हतं. चावीचं होतं. रोज चावी दिली तर चालणार, नाही तर दुसऱ्या दिवशी बंद. आणि बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

स्वानंद लांजेवारचं नागपूरला लागून असलेल्या वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. सकाळी अमरावती रोडनं जायचं, गाड्या लावून द्यायच्या, दुपारी त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटवर जेवायला यायचं, कूलरपुढे जरा आडवं व्हायचं आणि उन्हं उतरली की पुन्हा वाडी. असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. बाबा, म्हणजे देवराव, उमरेडच्या कोळसा खाणीत नोकरीला होते. ते गेल्यावर आईला, रुख्मिणीबाईंना, तो नागपूरला घेऊन आला. त्यांच्या सामानातलं हे एवढं घड्याळ त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातांनी रुमालात बांधून लॉकरमध्ये टाकलं होतं. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीचं, रितिकाचं, लग्न ठरलं, तेव्हा त्याच्या मनात आलं, लग्नात आपण बाबांचं घड्याळ घालायचं. म्हणून आज ते बाहेर निघालं होतं.

रीना पोळ्या लाटत होती. त्याने घड्याळ तिच्यापुढे धरलं.

"याले चावी तू देऊन राहिली का?"

"मी काहून देऊ?" रीना मान वर न करता म्हणाली. "मले तर तो लॉकर उघडायचीच भीती वाटते. तुमच्या फायली पडतात अंगावर."

"मग आईनं दिली असेल."

"आईंचा हात पोचते का तिथं? गुडघ्यानं धड उभं राहवत नाही त्यांना." मग तिने वर पाहिलं. "काहून? काय झालं?"

"चालू आहे ना."

"तर चांगलं आहे की! तुम्ही त्याची दुरुस्ती दुरुस्ती करून राहिले होते, वाचली म्हणायची."

स्वानंदने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळही बरोबर होती.

२

तरी दुरुस्ती करायला हवीच होती. काचेवर इतके चरे होते, की काटे धुक्यात फिरल्यासारखे दिसत. पांढरी डायल चहा सांडून वाळल्यासारखी झाली होती. आणि बाजूची घुंडी, जी फिरवून चावी द्यायची, ती तर पार गुळगुळीत. तिच्यावरचे बारीक दाते कधीच झिजून गेले होते. बोटाला ती धातूची वाटतच नसे.

कोणाकडे द्यायचं, हा प्रश्न होता. ऑफिसातल्या एकाने महाल भागातल्या कृष्णकांतचं नाव सांगितलं. अरुंद गल्लीतलं दुकान, समोरून जाणाऱ्या स्कूटरचं हँडल काउंटरला घासेल इतकी जागा. कृष्णकांतने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि आत फुंकर घातली.

"मशीन चांगली आहे. साफ करून तेल टाकून देतो. डायलले मी हात लावत नाही. रंगवायला गेलं की ते दुसरंच घड्याळ होऊन जाते."

"काच? घुंडी?"

"काच टाकू. घुंडी चालून राहिली तर काहून बदलता?" त्याने झाकण दाबून बसवलं. "रोज चावी देता वाटते तुम्ही."

"नाही. वर्षभर कपाटात होतं."

"कपाटातली मशीन अशी नसते," कृष्णकांत म्हणाला. तेवढ्यात सेल बदलायला आलेल्या एका बाईकडे तो वळला आणि विषय संपला.

दुसरी जागा धरमपेठेत होती. काचेचं दार, एसी, भिंतीवर उजेडात ठेवलेली जुनी घड्याळं. पुष्कर नावाचा तरुण ती चालवत होता. त्याने मोबाइलवर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. गंजलेली, पिवळी पडलेली घड्याळं आणि शेजारी तीच, कालच डब्यातून काढल्यासारखी.

"काका, डायल नवी रंगवू, केस पॉलिश करू, काच, घुंडी, पट्टा, सगळं नवं. तुमच्या बाबांनी दुकानात पहिल्यांदा पाहिलं असेल ना, तसं देतो."

हे वाक्य स्वानंदला आवडलं. तरी त्याने घड्याळ घरी परत आणलं. त्यावरचा एकेक चरा बाबांचा होता. तो पुसून टाकल्यावर लग्नात मिरवायचं ते काय, असंही त्याच्या मनात येई. आणि लगेच दुसरं मन म्हणे, असलं कळकट घड्याळ घालून व्याह्यांपुढे उभं राहायचं का?

पण खरं तर कृष्णकांतचं ते बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं, चावी द्यायची नाही. घड्याळ लॉकरमध्ये ठेवलं, लॉकरला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून ऑफिसला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पाहिलं. चालू. त्याच्या पुढच्या दिवशीही चालू. जुनी स्प्रिंग लांबते, जास्त चालत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि घुंडी फिरवून पाहिली.

ती फिरेना. चावी पूर्ण भरलेली होती. आणि घुंडी कोमट होती, आत्ताच कोणीतरी सोडल्यासारखी.

उन्हाळा आहे, लोखंडी कपाट तापतं. हेही त्याने स्वतःला सांगितलं.

३

आईला त्याने आडून विचारलं. रुख्मिणीबाई बाल्कनीत सांडगे वाळत घालत होत्या.

"आई, बाबा घड्याळाले चावी कधी देत होते?"

"कोनाले मालूम बाप्पा," त्या म्हणाल्या. "दुपारी खानीतून आले का खोलीत जात, दार लावून घेत. घड्याळ खुटीले टांगत आनि बसून राहत. आपन म्हनावं झोपले. कोनाचं लग्न असो, कोनाचं मयत असो, दुपार झाली का मानूस घरी. लोकं मले नावं ठेवत, का नवऱ्याले पदराले बांधून ठेवलं म्हनून."

"कधी दुरुस्त नाही केलं?"

"म्या एकडाव म्हटलं, काच तं बदलून आना, काई दिसत नाही त्याच्यात. तं भरल्या ताटावरून उठले. असा चिंगूस मानूस!" त्या हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू करून घे बाबू. पोरीचं लगन आहे. लखलखीत करून घे."

स्वानंदने त्याच संध्याकाळी धरमपेठ गाठली. पुष्करला म्हणाला, "सगळं नवं कर. जुनं काही ठेवू नको."

रीनाने विचारलं तेव्हा त्याने लग्नाचं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण लॉकर उघडताना हल्ली त्याची बोटं अडखळत. सगळं नवं झालं, की जे काही चाललं आहे ते आपोआप थांबेल, असं त्याला वाटत होतं. काय चाललं आहे, हे मात्र तो स्वतःलाही विचारत नव्हता.

४

घड्याळ दुकानात होतं त्या दिवसांत घरात बारीकसारीक गोष्टी बिघडू लागल्या.

पहिल्यांदा पंखा. दुपारी जेवताना पंखा हळू झाला, मग जोरात, मग पुन्हा हळू. व्होल्टेजचा खेळ असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग कूलरचं बटण. मग बाबांच्या जुन्या रेडिओची चकती. आईच्या उशाशी तो नुसता शोभेला ठेवलेला होता, त्याचा काटा रोज वेगळ्याच ठिकाणी दिसे. बामच्या बाटलीचं झाकण उघडं. शिलाई मशीनचं चाक फिरून आत दोरा गुंतलेला. घरात फिरवता येईल असं जे जे गोल होतं, ते ते दुपारी कोणीतरी फिरवून बघत होतं.

आणि एके दिवशी स्वानंद जिना चढून आला, तर दाराबाहेरच गॅसचा वास.

रीना आत झोपली होती. त्याने धावत जाऊन शेगडी पाहिली. तिन्ही बटणं पूर्ण उघडी. खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला, रीनाला हलवून उठवलं. ती उठून बसली आणि काय झालं ते कळल्यावर धावत स्वयंपाकघरात आली. मग तिचा राग उसळला.

"आई, चहा करायला तुम्ही उठल्या होत्या ना?"

"मी? मी कायले उठू वं?"

"मग कोण उठलं? घरात तिसरं कोण आहे? रोज काही ना काही फिरवून ठेवता. विसरता तुम्ही, आई! एक दिवस सगळे मरू ना आपण!"

रुख्मिणीबाई उठल्या. आपल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. स्वानंदला म्हणायचं होतं, आई नाही. पण मग कोण, असं रीनाने विचारलं असतं. तो शेगडीची बटणं पुन्हा तपासत राहिला, आणि आईने त्याच्याकडे पाहिलं ते त्याला फार लागलं.

५

घड्याळ आलं. पुष्करने शब्द पाळला होता. दुधासारखी डायल, आरपार काच, करकरीत दात्यांची घुंडी, नवा तपकिरी पट्टा. रीना म्हणाली, "अगंबाई, केवढं सुंदर!" रुख्मिणीबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या, कोणा परक्याची वस्तू पाहावी तसं.

स्वानंदने ते चावी न देताच लॉकरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी लॉकर उघडला. घड्याळ बंद होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण रुमालाची गाठ सुटलेली होती आणि घड्याळ पालथं पडलं होतं. पाहून नको म्हणून टाकून दिल्यासारखं.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीचा आवाज झाला. कुकर रिकामा होता, ओट्यावर पालथा. शेजारी ठेवलेल्या झाकणावरची शिट्टी जागच्या जागी गोल फिरत होती.

तो तसाच धरमपेठेला गेला.

"जुनी घुंडी आहे का? काच? काहीही?"

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, काही ठेवू नको. आणि डायल तर खरवडूनच रंगवतो आम्ही." पुष्करने काळजीने विचारलं, "काही बिघडलं का?"

"नाही. चांगलं झालं आहे," स्वानंद म्हणाला.

त्यानंतर मात्र घरातलं सगळं अचानक थांबलं. पंखा नीट, रेडिओचा काटा जागेवर, शेगडीची बटणं बंद. रीना आईशी पुन्हा नीट बोलू लागली. लग्नाच्या याद्या, साड्या सुरू झाल्या. स्वानंद दुपारी झोपू लागला.

फक्त आईचा डावा हात दुखत होता. "लचकला असन," त्या म्हणत. मग हातातून पेला सुटायला लागला. मग त्यांना पोळीचा घास मोडता येईना. डॉक्टर म्हणाले, वय झालं, नसा दबतात. रीना रोज तेल लावून द्यायची. एकदा तिने स्वानंदला बोलावून दाखवलं. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला हाडाचं जे गोल टोक वर येतं, तिथली कातडी तुळतुळीत झाली होती. एक सुरकुती नाही. घासून घासून गुळगुळीत केल्यासारखी.

६

त्या दुपारी वीज गेली.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडला, की घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. इतका वेळ दबलेले सगळे आवाज वर येतात. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून टाकीत पडणारे थेंब, खाली रस्त्यावरचा आइस्क्रीमवाल्याचा भोंगा. स्वानंद कॉटवर पडून होता. रीना बाजारात गेली होती.

किर्र. किर्र. किर्र.

आवाज बारीक होता आणि अगदी सावकाश. प्रत्येक वेळी किंचित थांबून, पुन्हा. हा आवाज त्याने लहानपणी उमरेडला बंद दाराआडून ऐकला होता. घड्याळाला चावी देण्याचा.

तो लॉकरमधून येत नव्हता. आईच्या खोलीतून येत होता.

दार लोटलेलं होतं. त्याने बोटाने ढकललं. पडदे ओढलेले, आत तपकिरी उजेड. रुख्मिणीबाई उताण्या झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. आणि त्यांचा डावा हात कोपरापासून वर उचललेला होता. बांगड्या घसरून कोपराशी आल्या होत्या. पंजा सैल लोंबत होता. मनगटाशी कोणीतरी तो धरला असल्यासारखा. मनगटाच्या हाडापाशी कातडीवर दोन खळगे पडले होते, एक अंगठ्याएवढा, एक बोटाएवढा. ते खळगे एका बाजूला वळत, कातडी पिळवटून त्यांच्याबरोबर जाई, किर्र असा आवाज होई, आणि ते सुटून पुन्हा जागेवर येत. हाडाचं टोक फिरत होतं. पलंगाच्या कडेची गादी खाली दबली होती. तिथं कोणी बसलेलं नव्हतं.

स्वानंद दारातच थांबला. त्याने हाक मारली, "बाबा?"

आवाज थांबला. खळगे तसेच राहिले. त्याला वाटलं, आता आपल्याकडे कोणीतरी वळून पाहतं आहे. गादी जरा हलली. मग पुन्हा किर्र. त्या नावाशी काहीही देणंघेणं नसल्यासारखं.

आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ निळसर. स्वानंद पुढे झाला. गुडघ्यांवर बसला. शर्टाची बाही वर सारली आणि डावा हात पुढे केला, जिथं काही नव्हतं तिथं.

"इकडं," तो म्हणाला. "हा घ्या. तिचा सोडा."

आईचा हात धपकन गादीवर पडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या मनगटाला बोटं लागली. चाचपत आली, हाडावर थांबली, आवळली. कोमट होती. बाबांच्या अंगठ्याचं नख खाणीत चिरडलेलं होतं, जाड आणि वाकडं. या अंगठ्याला नख नव्हतंच.

पहिला पीळ बसला तेव्हा त्याच्या काळजाचा एक ठोका चुकला आणि मग ते नव्या तालात चालू लागलं.

७

आई बरी झाली. आठवडाभरात त्या पुन्हा पेला धरू लागल्या, सांडगे वाळत घालू लागल्या. स्वानंदला आता शर्टाची बटणं डाव्या हाताने लावता येत नसत. पण तो दुपार चुकवत नसे. वाडीतलं कितीही मोठं काम असो, गाडी अर्धी भरलेली असो, तो उठे. घरी येई, जेवे, आईच्या शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेई आणि बाही सारून बसून राही. रीनाला वाटे, लग्नाच्या दगदगीने थकतो आहे. एकदा तिने हसून म्हटलंही, "दार काहून लावता? मी काय खाऊन टाकते?" तो हसला. आपल्याला हे पुरवता येईल, असं त्याला वाटू लागलं होतं. बाबांनीही रोज दुपारी घड्याळ टांगून इतकी वर्षं पुरवलंच होतं की.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना अमरावती रोडवर एक ट्रक आडवा झाला. दोन्ही बाजूंनी रस्ता बंद. स्वानंदची कार मध्ये अडकली, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ऊन माथ्यावरून कलू लागलं. त्याने घाबरून रीनाला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

"आई, रीना कुठं आहे?"

"झोपली आहे इथंच, सोफ्यावर. लाइन गेली आहे ना."

"तिला उठव. आत्ता उठव."

"अरे, दमली आहे पोर. काय झोप लागली पाह्य! हात वर करून झोपली आहे," रुख्मिणीबाई कौतुकाने म्हणाल्या. "लहान लेकरावानी."

कूलर बंद होता. त्यामुळे आईच्या आवाजामागचा तो बारीक आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

"आई, तू तिच्याजवळ जाऊ नको. लांबून हाक मार. आई!"

"अवघडून जाईन ना हात. थांब, खाली करून देतो मी."

फोनमधून चपलांची सरपटती चाल ऐकू आली. मग तो किर्र आवाज थांबला. रीना काहीतरी पुटपुटली, झोपेतून जागं होताना माणूस पुटपुटतं तसं. स्वानंदने डोळे मिटले. आणि मग त्याच्या कानाशी, फोनच्या अगदी जवळ, किर्र असं वाजलं. पुन्हा वाजलं. आईचा श्वास संथ होत गेला.

आई मोबाइल नेहमी डाव्या हातात धरत असे.

तो कारचं दार उघडून बाहेर पडला. ट्रकांच्या मधून, तापलेल्या डांबरावरून त्रिमूर्तीनगरच्या दिशेने पळत सुटला. पळता पळता त्याने बाही कोपराच्या वर ओढली आणि डावा हात उंच धरला. "इकडं," तो म्हणत होता, "इकडं, इकडं." एका ड्रायव्हरला वाटलं लिफ्ट मागतो आहे. त्याने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "भाऊ, कोनतीच गाडी चालू नाही."

स्वानंद थांबला नाही. हात वर होता, उन्हात, मनगटाचं हाड चकाकत होतं. तो हात कोणीच धरला नाही.